हेडफोनची जवारी

मेडिकलमध्ये मायक्रोपोरची पट्टी मागितली तेव्हा काउंटरवरच्या पोरानं सवयीनं विचारलं, "कुठं लागलंय, काका?" मी म्हटलं, "हेडफोनला." तो हसला आणि सुट्टे पैसे परत दिले. मी गंमत करतोय असंच त्याला वाटलं असणार.

घरी टेबलावर सुपरलक्सचा एचडी ६८१ गाद्या काढून ठेवला होता. कंपनी तैवानची. रूप मात्र मूळच्या ऑस्ट्रियाच्या एकेजीच्या के २४० या स्टुडिओतल्या जुन्या, नावाजलेल्या हेडफोनच्या वळणावर गेलेलं आणि किंमत त्याच्या पासंगालाही न पुरणारी. शौकिनांत याच्याबद्दल दोन गोष्टी हमखास ऐकू येतात. पैशाच्या मानानं आवाज भन्नाट आहे, आणि 'स', 'श' कानात सुईसारखे टोचतात. दोन्ही खरंय. आठ-नऊ हजार हर्ट्झच्या आसपास त्याचा आवाज एकदम उसळी मारतो. गाणाऱ्याच्या उच्चारातला सकार, टाळांची किणकिण, तबल्याच्या चाटेची धार, सगळं तिथं गरजेपेक्षा जास्त उजळतं. अर्धा तास ऐकलं की डोकं उतरवून ठेवावंसं वाटतं.

मग असला हेडफोन घ्यायचाच कशाला? कारण तो सुधारता येतो.

मिरजेत तंबोऱ्याला जवारी लावताना ज्यांनी पाहिलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको. कारागीर घोडी घासतो, तार छेडतो, पुन्हा घासतो. शेवटी तारेखाली सुताचा तुकडा घालतो आणि तो केसभर पुढंमागं सरकवतो. एका जागी स्वर मिटलेला असतो, तिथून जरा सरकला की फुलतो. तार तीच, भोपळाही तोच. स्वस्त हेडफोनवर जी कारागिरी करायची ती याच जातीची आहे. आवाज काढणारा आतला ड्रायव्हर बदलायचा नाही, त्याच्या आजूबाजूचं थोडंसं काही हलवायचं.

पण आधी खरेदी. दुकानात लोक ब्रँड विचारतात. माझ्या मते पहिला प्रश्न 'ऐकणार कुठं?' हा असावा. कप मागून बंद असला तर बाहेरचा गोंगाट कमी येतो आणि आपलं गाणं शेजाऱ्याला जात नाही. लोकलमध्ये, ऑफिसात दुसरा पर्यायच नाही. मागून उघडा कप १९६८ साली सेनहायझरनं एचडी ४१४ मधून बाजारात आणला. त्यात गाणं डोक्याच्या आत कोंडत नाही, जरा मोकळं, समोर पसरल्यासारखं वाटतं; पण रात्री तुम्ही काय ऐकताय ते अख्ख्या खोलीला कळतं. एचडी ६८१ या दोहोंच्या मधला, अर्धा उघडा.

दुसरा प्रश्न, गादी निघते का आणि वेगळी विकत मिळते का? कप स्क्रूनं जोडलाय की गोंदानं? केबल सुटी होते का? फोनवरच ऐकणार असाल तर ३२ ओहमच्या आसपासचा घ्या; २५० ओहमचा घेतलात तर फोन बिचारा धापा टाकेल आणि वेगळा ॲम्प्लिफायर घ्यावा लागेल. नॉइज कॅन्सलेशनवाल्या ब्लूटूथ हेडफोनला तर सुधारणेसाठी हातही लावू नका. त्यातल्या बहुतेकांच्या कपाच्या आत माइक असतो आणि सगळं गणित त्या गादीवर, त्या पोकळीवर बसवलेलं असतं.

आता गादी. सगळ्यात जास्त फरक तीच पाडते आणि सगळ्यात कमी लक्ष तिच्याकडेच जातं. पुरुष गायकाचा तंबोरा काळी एकला लावलेला असेल तर त्याचा खर्ज साधारण ७० हर्ट्झवर बोलतो. असं एखादं रेकॉर्डिंग लावा आणि दोन्ही कप तळव्यांनी हलकेच कानावर दाबा. खर्ज एकदम भरून आला तर समजा की गादी कानाभोवती नीट बसत नाहीये. चष्मा असला की हे ठरलेलंच. काडीच्या फटीतून खालचे स्वर निसटतात. माझा चष्मा जाड काडीचा होता. काडी बारीक केली, तर नवा हेडफोन घेतल्यासारखं वाटलं! हा खर्ज निसटला की माणूस आवाज वाढवत बसतो. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा मोठ्यांसाठी आठवड्याला ४० तास, तेही ८० डेसिबलला, एवढीच आहे. तेव्हा फट बुजवणं कानाच्याही हिताचं. मखमली गादी उन्हाळ्यात सुखाची, पण तिच्यातून हवा झिरपते आणि खर्ज थोडा उतरतो. रेक्झिनची गादी घाम आणते, पण खर्ज धरून ठेवते.

टोचणाऱ्या सकारावर इलाज म्हणजे ती मेडिकलची पट्टी. गादी कडेनं ओढून काढायची, ड्रायव्हरवरच्या प्लॅस्टिकच्या जाळीवर मायक्रोपोरचा एक थर लावायचा, गादी परत बसवायची. पट्टी जाळीवरच, आतल्या पातळ पडद्याला स्पर्शही नको. या सच्छिद्र कागदातून खालचे स्वर जवळपास तसेच जातात, वरचे थोडे अडतात. एका वेळी एकच थर आणि प्रत्येक थरानंतर तेच गाणं, त्याच आवाजावर. हे शेवटचं महत्त्वाचं, कारण किंचित मोठा आवाज कानाला नेहमीच 'जास्त चांगला' वाटतो आणि आपण फसतो.

मी मात्र एवढ्यावर थांबलो नाही. कपात कापूस भरून बघू म्हणून स्क्रू काढले आणि ड्रायव्हरची केसासारखी तार तोडून बसलो. मोबाइल दुरुस्तीवाल्यानं डाग देऊन दिला, वर "काका, उघडता कशाला?" हेही ऐकवलं. कापूस घालण्यात अर्थ आहे, विशेषतः बंद कपात, जिथं आवाज डब्यात बोलल्यासारखा येतो. पण चिमूटभरच. ठासून भरला की खर्जाचा जीव जातो.

हे सगळं फोनमधल्या इक्वलायझरनं फुकटात होत नाही का? बरंचसं होतं. टोचणारा पट्टा तीन-चार डेसिबलनं खाली घ्या, काम झालं. फक्त गादीची फट त्यानं बुजत नाही, आणि हेडफोन टीव्हीला लावला की सेटिंग फोनमध्येच राहतं.

आणि नेमकं किती खाली घ्यायचं हे दुसरा कोण सांगणार? हार्मन कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि सहकाऱ्यांनी शेकडो लोकांना ऐकवून, कुठले स्वर किती मोठे असावेत याचा बहुतेकांना आवडेल असा एक आलेख काढला. तरीही ऐकणाऱ्यांतल्या काहींना त्याहून जास्त बास हवा होता, काहींना कमी.

आमच्या घरात तर दोनच माणसं ऐकणारी, तीही जुळली नाहीत. मला एक थर पुरला. सोळा वर्षांची मुलगी म्हणाली, "बाबा, अजून टोचतंय." टोचणारच. वयाबरोबर आधी वरचे स्वर जातात. तिला ऐकू येणारी वरची खसखस माझ्या कानांनी कधीच सोडून दिली आहे. तिच्यासाठी दुसरा थर लावला, तर मला सगळं गोधडीखालून आल्यासारखं. दोन दिवस थर काढघाल चालली. तिसऱ्या दिवशी हेडफोन तिच्या खोलीत गेला तो गेलाच. माझ्याकडे पट्टीचं अर्धं रीळ तेवढं उरलंय.