शेतकरी कामगार पक्षाचा उदय आणि कर्जत-खालापूर : एका सीमाप्रदेशाचा विचार

महाराष्ट्राच्या राजकीय इतिहासात शेतकरी कामगार पक्षाचे नाव निघाले की त्यापाठोपाठ पूर्वीच्या कुलाबा, म्हणजे १९८१ नंतरच्या रायगड जिल्ह्याचे नाव येते. तथापि हे समीकरण सबंध जिल्ह्याला सारख्याच प्रमाणात लागू पडत नाही. अलिबाग, पेण, पनवेल आणि उरण ह्या खाडीकाठच्या तालुक्यांत पक्षाची मुळे ज्या खोलीवर गेली, त्या खोलीवर ती सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेल्या कर्जत व खालापूर ह्या तालुक्यांत गेली नाहीत. एकच जिल्हा, एकच पक्ष, भाताचे एकच पीक. मग हा भेद का पडावा? पक्षाच्या उदयाचे आणि ओहोटीचे मर्म ह्या प्रश्नातून अधिक स्पष्ट होते, असे वाटल्यावरून प्रस्तुत लेखात त्याचा विचार केला आहे.

१. पक्षाचा उगम

शेतकरी कामगार पक्ष हा काँग्रेसच्याच कुशीतून जन्मास आला. सत्यशोधक व ब्राह्मणेतर चळवळीत वाढलेले केशवराव जेधे यांच्यासारखे नेते १९३० नंतर काँग्रेसमध्ये आले आणि त्यांच्यामागोमाग बहुजन समाजातील शेतकरीवर्गही आला. स्वातंत्र्य दृष्टिपथात येऊ लागले तेव्हा ह्या वर्गास असे दिसू लागले की, संघटनेत संख्या आपली असली तरी निर्णय आपले नाहीत. ह्या अस्वस्थतेतून प्रथम काँग्रेसांतर्गत शेतकरी कामगार संघ उभा राहिला आणि ऑगस्ट १९४७ मध्ये पक्षाचा पाया घातला गेला. १९४८ मध्ये, स्वतंत्र घटना व शिस्त असलेल्या अंतर्गत गटांना काँग्रेसने मज्जाव केल्यावर, समाजवाद्यांप्रमाणेच ही मंडळीही बाहेर पडली. जेधे, शंकरराव मोरे, क्रांतिसिंह नाना पाटील, तुळशीदास जाधव, दत्ता देशमुख, भाऊसाहेब राऊत, माधवराव बागल ही नावे पहिल्या फळीत होती. १९५० मध्ये नाशिक जिल्ह्यातील दाभाडी येथे पक्षाने जो प्रबंध स्वीकारला, त्याने मार्क्सवाद-लेनिनवाद ही पक्षाची अधिकृत भूमिका ठरली.

येथे एक विसंगती ध्यानात घेणे अवश्य आहे. पक्षाचे तत्त्वज्ञान वर्गीय होते. परंतु त्याचे अनुयायी ग्रामीण जातिबंधांच्या व घराण्यांच्या आधारे एकत्र आलेले होते. हा ताण लवकरच उघड झाला. दत्ता देशमुख आदी मंडळींनी कामगार किसान पक्षाची वाट धरली, नाना पाटील पुढे कम्युनिस्ट पक्षात गेले, तर जेधे व मोरे काँग्रेसमध्ये परतले. १९५२ च्या निवडणुकीत मुंबई राज्याच्या विधानसभेत पक्षास १४ जागा मिळाल्या. जे नेते पक्ष घेऊन बाहेर पडले, त्यांतील बहुतेक दशकभरातच पक्षाबाहेर गेले. तरीही पक्ष टिकला. तो का टिकला, ह्याचे उत्तर नेत्यांच्या चरित्रांत सापडत नाही, ते काही विशिष्ट जिल्ह्यांतील जमिनीच्या इतिहासात शोधावे लागते. कुलाबा हा त्यांपैकी प्रमुख होय.

२. खाडीकाठची पूर्वपीठिका

कुलाब्यात पक्ष येण्यापूर्वीच त्याची भूमी नांगरून ठेवलेली होती. ऑक्टोबर १९३३ मध्ये अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांची जमीन न कसण्याचा निर्धार केला. पंचवीस गावांतील हा संप १९३९ पर्यंत चालला. शेतकऱ्याने आपली मागणी पदरात पाडण्यासाठी स्वतःच पीक न काढणे, म्हणजे स्वतःच्याच चुलीवर पाणी ओतणे होय. ते सहा वर्षे सोसण्यास जी एकजूट लागते, ती सभा-ठरावांनी निर्माण होत नसते. खारभूमीच्या बांधांची सामुदायिक राखण, एकाच आगरी समाजाची दाट वस्ती आणि समोर उभा असलेला एकच प्रतिपक्ष, खोत, ह्या तीन गोष्टींनी ती शक्य केली.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ह्या लढ्यास पाठिंबा दिला. १९३६ मध्ये स्थापन झालेल्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने १९३७ मध्ये त्यांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबई विधिमंडळात मांडले. त्याच वर्षी अलिबागेस ‘कृषीवल’ हे पत्र सुरू झाले. पुढे १९३९ चा कुळकायदा, १९४८ चा अधिक व्यापक कुळकायदा आणि १९४९ चा खोती निर्मूलन कायदा असा क्रम लागला. ह्या लढ्याचा वारसा शेतकरी कामगार पक्षाकडे आला तो केवळ विचाराने नव्हे. नारायण नागू पाटलांचे पुत्र प्रभाकर पाटील आणि त्यांच्यानंतरची पिढी ह्याच पक्षात वाढली. लढा, वर्तमानपत्र आणि घराणे हे तिन्ही एकाच ठिकाणी असल्यामुळे पक्षास येथे स्थैर्य लाभले.

३. घाटाखालचे दोन तालुके

कर्जत-खालापूरची घडण मुळातच निराळी आहे. कर्जत हा प्रदेश पूर्वी ठाणे जिल्ह्यात होता. तो १८९१ मध्ये कुलाब्यात आला. उल्हास आणि पाताळगंगा ह्या नद्यांच्या खोऱ्यांत भातशेती, त्यावर माळ आणि वरकस, आणि त्याहून वर जंगल अशी येथील जमिनीची उतरंड आहे. खाडीचा बांध येथे नाही. म्हणून बांधाभोवती उभी राहणारी सामुदायिक शिस्तही नाही. आगरी, मराठा, कुणबी ह्यांच्या गावांना लागूनच ठाकूर व कातकरी ह्यांच्या वाड्या आहेत, आणि ह्या वाड्यांचा प्रश्न कुळाच्या प्रश्नाहून वेगळा आहे.

दुसरे असे की, येथे मुंबईचा हात फार लवकर पोचला. १८६३ मध्ये बोरघाटातून लोहमार्ग सुरू झाला. १९०७ मध्ये नेरळ-माथेरान गाडी धावू लागली. १९१५ मध्ये खोपोलीच्या टाटा वीजगृहातून मुंबईच्या गिरण्यांना वीज जाऊ लागली. खाडीकाठचा शेतकरी मुंबईस बोटीने जात होता. कर्जतच्या माणसास रेल्वे दाराशी होती. रोजगाराचा दुसरा मार्ग खुला असला म्हणजे जमिनीसाठी सहा वर्षे उपाशी राहण्याची निकड तितकी तीव्र राहत नाही.

ह्याचा अर्थ येथे राजकीय जागृती नव्हती, असा मुळीच नाही. माथेरानचे वकील विठ्ठल लक्ष्मण तथा भाई कोतवाल यांनी सावकाराच्या कचाट्यातून शेतकऱ्यास सोडविण्यासाठी धान्यकोठ्यांचा उपक्रम हाती घेतला. १९४२ च्या आंदोलनात त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर कोतवाल आणि हिराजी पाटील यांना हौतात्म्य आले. चरीचा लढा खोताविरुद्ध होता. कर्जतचा लढा परकीय सत्तेविरुद्ध आणि सावकाराविरुद्ध होता. पहिल्यातून वर्गसंघटना निर्माण झाली. दुसऱ्यातून त्यागाची परंपरा निर्माण झाली. मात्र तिचे नेतृत्व ऐन उमेदीत मारले गेल्यामुळे तिला स्थायी संघटनेचे रूप येऊ शकले नाही. हुतात्म्याच्या स्मृतीवर सर्वच पक्ष हक्क सांगू शकतात. संपाच्या स्मृतीवर तसा हक्क सांगता येत नाही.

४. १९५७ : उत्कर्ष आणि त्यातील बीज

१९५२ मध्ये कुलाबा मतदारसंघातून काँग्रेसचे चिंतामणराव देशमुख लोकसभेवर निवडून आले होते. मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये त्यांनी अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्याच वर्षी स्थापन झालेल्या संयुक्त महाराष्ट्र समितीत शेतकरी कामगार पक्ष हा एक प्रमुख घटक होता. १९५७ च्या निवडणुकीत कुलाब्याची लोकसभेची जागा पक्षाचे राजाराम बाळकृष्ण राऊत यांनी जिंकली. दि. बा. पाटील याच वर्षी पनवेलमधून प्रथम विधानसभेत गेले. द्वैभाषिक मुंबई राज्याच्या विधानसभेत पक्षाचे ३१ सभासद निवडून आले. ही संख्या पक्षाने पुन्हा कधीच गाठली नाही.

परंतु ह्याच वर्षी, १ एप्रिल १९५७ रोजी, कुळकायद्यातील दुरुस्तीप्रमाणे ‘कृषक दिन’ उजाडला आणि कसणारे कूळ कायद्याने जमिनीचे खरेदीदार मानले गेले. म्हणजे ज्या वसंतात पक्ष सर्वाधिक जागांनी सभागृहात गेला, त्याच वसंतात त्याची मूळ मागणी कायद्याच्या पुस्तकात मान्य झाली. अंमलबजावणी दीर्घकाळ रेंगाळली हे खरे. पण पुढील भांडण मामलेदार कचेरीतील सुनावण्यांचे होते, रणांगणातील नव्हते. विजय हा संघटनेस पराजयाइतकाच कठीण असतो, ह्याचे हे उत्तम उदाहरण होय.

शिवाय कुळकायद्याने लाभ कोणाचा झाला, हे पाहणे अगत्याचे आहे. ज्याचे नाव कूळ म्हणून लागले होते, त्याचा. कर्जत-खालापूरच्या वाड्यांतील शेतमजूर, किंवा नोंदीवाचून जंगलपट्टी कसणारा ठाकूर व कातकरी, ह्यांना त्या कायद्यात आधार अल्प होता. वनजमिनीवरील त्यांच्या हक्कास कायद्याची मान्यता मिळण्यास २००६ चे वर्ष उजाडावे लागले. पक्षाच्या नावात ‘कामगार’ होता, कार्यक्रमात मात्र ‘कूळ’ केंद्रस्थानी होते. आणि घाटाखालील लोकसंख्येचा एक मोठा भाग ह्या दोन्ही शब्दांच्या कक्षेबाहेर राहिला.

५. जमिनीचा दुसरा प्रश्न

पक्षाला पुनर्जीवन दिले ते भूसंपादनाने. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि नव्या मुंबईसाठी ठाणे, पनवेल व उरण भागातील पंचाण्णव गावांच्या जमिनी घेण्याचे ठरले. कालचे कूळ नुकतेच मालक झाले होते. आता मालकीच जाऊ लागली. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलन जानेवारी १९८४ मध्ये शिगेस पोचले, गोळीबारात पाच जण मृत्युमुखी पडले, आणि त्यातूनच संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याचे तत्त्व पुढे आले. १९७७ आणि १९८४ ह्या दोन्ही निवडणुकांत ते कुलाब्यातून लोकसभेवर गेले. १९७८ च्या पुरोगामी लोकशाही दलाच्या मंत्रिमंडळात पक्षाचे एन. डी. पाटील व गणपतराव देशमुख मंत्री होते. पुढे २००६ नंतरच्या महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्राविरुद्धच्या लढ्यातही हीच खाडीकाठची गावे अग्रभागी राहिली.

सिडकोची ती सीमारेषा कर्जत-खालापूरच्या अलीकडेच थांबली. ह्या दोन तालुक्यांतही जमिनी गेल्या. पण त्या निराळ्या रीतीने गेल्या. रसायनी, खोपोली, पाताळगंगा येथे कारखान्यांसाठी, मोरबे धरणासाठी, आणि २००२ मध्ये पूर्ण झालेल्या द्रुतगती मार्गासाठी त्या टप्प्याटप्प्याने संपादित झाल्या. उरलेल्या पुष्कळशा जमिनी मुंबई-पुण्याच्या ग्राहकांनी शेतघरांसाठी एकेका खातेदाराकडून विकत घेतल्या. संपादन एकाच अधिसूचनेने झाले तर शंभर गावांचा प्रतिपक्ष एक असतो. विक्री खरेदीखताने झाली तर प्रत्येक शेतकरी स्वतःच्याच निर्णयाचा पक्षकार होतो. दलालाविरुद्ध मोर्चा निघत नाही. २०१३ मध्ये ‘नैना’ प्रकल्पाच्या निमित्ताने ह्या तालुक्यांतील काही गावे सिडकोच्या नियोजनाखाली आली. तोवर पक्षाची शक्ती बरीच क्षीण झाली होती.

६. ओहोटी

१९७८ मध्ये १३, १९९५ मध्ये ६, २००४ मध्ये २, २००९ मध्ये ४, २०१४ मध्ये ३, आणि २०१९ व २०२४ मध्ये प्रत्येकी १, असा विधानसभेतील जागांचा उतार आहे. शेवटच्या दोन्ही वेळी रायगडातून एकही जागा आली नाही. १९९८ व १९९९ मध्ये रामशेठ ठाकूर पक्षाच्या वतीने लोकसभेत गेले, पण पुढे त्यांनी व दि. बा. पाटलांनीही पक्ष सोडला. २००९ पासून कर्जत, पनवेल व उरण हे विधानसभा मतदारसंघ मावळ लोकसभा मतदारसंघास जोडले गेले आणि जिल्ह्याचे मत दुभंगले.

कर्जत मतदारसंघातील २०१४ ची निवडणूक ह्या दृष्टीने अभ्यसनीय आहे. पक्षाचे उमेदवार महेंद्र थोरवे राष्ट्रवादी काँग्रेसच्या सुरेश लाड यांच्याकडून दोन हजारांहून कमी मतांनी पराभूत झाले. तेच थोरवे २०१९ मध्ये शिवसेनेच्या वतीने लाड यांचाच पराभव करून निवडून आले. २०१४ च्या आकड्यावरून घाटाखाली पक्ष प्रबळ झाला, असा निष्कर्ष कोणी काढला असता. पाच वर्षांनी तो टिकला नसता. मते होती, पण ती पक्षाच्या कोठारात साठविलेली नव्हती.

७. समारोप

वरील विवेचनाचा इत्यर्थ असा की, शेतकरी कामगार पक्षाचे बळ शेतकऱ्यांच्या संख्येवर अवलंबून नव्हते, तर जमिनीच्या प्रश्नास एकच, दृश्य आणि सामुदायिक प्रतिपक्ष लाभण्यावर अवलंबून होते. खोत आणि सिडको हे तसे प्रतिपक्ष होते. सावकार, वनखाते, कारखाना, दलाल अशा अनेक मुखांनी प्रश्न उभा राहिला, तेथे पक्ष पोचला, पण रुजला नाही. म्हणून कर्जत-खालापूर हा पक्षाच्या इतिहासातील अपवाद न समजता त्याची कसोटी समजावी.

ह्या विषयावर प्रबंध लिहू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने निवडणुकीच्या तक्त्यांपाशी थांबू नये. तलाठी दप्तरातील फेरफार नोंदी, कुळांच्या खरेदीच्या नोंदी आणि मतदानकेंद्रवार आकडे एकाच गावापुरते जरी शेजारी ठेवून पाहिले, तरी जमीन कधी हाती आली, कधी गेली आणि मत कधी फिरले, ह्याचा मेळ बसू लागेल. राज्यपातळीवरील पक्षाचा इतिहास अखेरीस सातबाराच्या उताऱ्यावरही लिहिलेला असतो. तो वाचण्याची सवय राज्यशास्त्राच्या अभ्यासकांनी लावून घेणे इष्ट आहे.