पंखा मंदावला? आधी मेन स्विच बंद करा



आपल्या भोकरदनकडे एप्रिल-मे म्हणजे पारा चाळिशीच्या वर, त्यात डोक्यावर पत्रा. अशा दुपारी पंखा बंद पडला की तान्ह्या बाळाचे आणि म्हाताऱ्या माणसांचे हाल होतात. गटाच्या बैठकीत आपण हेच बोलतो: पंखा नुसता गुणगुणतो, मिस्त्री ‘उद्या येतो’ म्हणतो, आणि शेवटी नव्या पंख्यासाठी कर्जाचा विषय निघतो. पण पंख्याच्या कितीतरी तक्रारी थोडक्या पैशांत मिटतात.

आधी जिवाचं बघू. भिंतीवरचं बटण बंद केलं म्हणजे पंख्यातली वीज गेली, असं धरू नका. वायरिंग उलटसुलट जोडलेलं असेल, तर बटण बंद असूनही पंख्यात करंट राहतो. म्हणून नुसतं फडकं मारायचं असलं तरी मेन स्विच बंद करा आणि घरात सगळ्यांना सांगा. पायात चप्पल, हात कोरडे, आणि स्टूल धरायला एक जण खाली हवं.

आता तक्रारी एकेक करून पाहू.

वारा कमी लागतो: पात्यांवरची धूळ काढा. उशीचा जुना अभ्रा पात्यावर चढवून ओढला की धूळ अभ्र्यातच राहते. पातं वाकू देऊ नका.

पंखा फक्त संध्याकाळी मंद फिरतो: शेजारणीला विचारा. तिचाही मंद असेल, तर दोष पंख्याचा नाही, व्होल्टेज कमी आहे. महावितरणकडे १९१२ या नंबरवर तक्रार करा.

पंखा गुणगुणतो, पण फिरत नाही: बहुतेक वेळा कंडेन्सर गेलेला असतो. हा छोटा डबीसारखा भाग पंख्याला सुरुवातीचा रेटा देतो. बहुतेक घरगुती पंख्यांत तो २.५ मायक्रोफॅरडचा असतो. जुन्यावरचा आकडा पाहूनच नवा आणा, शंभर रुपयांच्या आत मिळतो. मात्र बसवायला मिस्त्रीच बोलवा, कारण मेन बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये वीज साठून राहू शकते. नवा बसवूनही पंखा फिरला नाही, तर बेअरिंग किंवा वाइंडिंग तपासून घ्या.

पाचवर फिरतो, खालच्या आकड्यांवर नाही: रेग्युलेटर बिघडलेला असण्याची शक्यता जास्त.

पंखा हलतो, खडखडतो: पात्यांचे स्क्रू ढिले झाले असतील, किंवा हुकातलं रबर झिजलं असेल. दुसऱ्या पंख्याचं पातं याला लावू नका, वजनात फरक पडला की पंखा आणखी हलतो. हूक, बोल्ट आणि त्यातली पिन वर्षातून एकदा मिस्त्रीकडून पाहून घ्या.

जळका वास आला, ठिणगी दिसली किंवा हाताला झिणझिण्या आल्या, तर मेन बंद करा आणि पंख्याला हात लावू नका. पत्र्याच्या घरात हे फार जपायला हवं. लोखंडी अँगलवर घासून वायर सोलली, तर पत्रा आणि त्याला बांधलेली कपड्यांची तारही करंट धरते. कुणी चिकटलंच, तर त्या माणसाला धरू नका. आधी मेन बंद करा. ते जमत नसेल, तर कोरड्या लाकडानं दूर करा.

नवा पंखा घ्यावाच लागला, तर हिशेब करा. साधा पंखा साधारण ७५ वॅटचा, बीएलडीसी पंखा ३० वॅटच्या आसपास. रोज १२ तास चालला, तर महिन्याला एकाला २७ युनिट लागतात, दुसऱ्याला जेमतेम ११. जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांवर स्टारचं लेबल सक्तीचं आहे, ते पाहूनच घ्या.

पुढच्या बैठकीआधी प्रत्येकीनं एक काम करा: आपल्या घराचा मेन स्विच कुठे आहे, तो कसा बंद करायचा, हे सासूबाईंपासून शाळेत जाणाऱ्या लेकरांपर्यंत सगळ्यांना दाखवून ठेवा.