मुकादमापासून उस्तादापर्यंत

आपल्या जिल्ह्यातील कोणत्याही वर्कशॉपमध्ये, शिलाईच्या कारखान्यात किंवा फर्निचरच्या दुकानात एक प्रश्न विचारून पाहावा. मालक आठ दिवस बाहेरगावी गेला तर काय होते? बहुतेक ठिकाणी उत्तर एकच मिळेल. पहिले दोन दिवस हातातले काम निघते. तिसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाला "शेठ आल्यावर या" असे सांगितले जाते. पाचव्या दिवशी कारागीर चहाच्या टपरीवर दिसू लागतात. मग मालक परत येतो, चार जणांवर ओरडतो आणि गाडी पुन्हा रुळावर येते.

असा मालक वाईट असतो असे नाही. तो हिशेब चोख ठेवतो, कच्चा माल वेळेवर आणतो, शनिवारी पगार वाटतो. याला व्यवस्थापन म्हणतात आणि ज्याला हेही जमत नाही त्याने पुढच्या गोष्टींची घाई करू नये. परंतु व्यवस्थापन करणारा माणूस काम करवून घेतो, तर नेतृत्व करणारा माणूस काम करणारी माणसे तयार करतो. नेता म्हटले की आपल्याकडे चौकातल्या फलकावरचा हसरा चेहरा डोळ्यांसमोर येतो, म्हणून तो शब्द येथे टाळलेला बरा. कारागिरांच्या बोलीत त्यासाठी फार जुना शब्द आहे : उस्ताद. मुकादम हजेरी घेतो, उस्ताद हुनर देतो.

मुकादमीतून उस्तादीपर्यंतचा प्रवास कसा होतो, हे समजून घेण्यासाठी परदेशी पुस्तकांकडे जाण्याची गरज नाही. आजचे अहिल्यानगर म्हणजे कालपर्यंतचे अहमदनगर जेव्हा निजामशाहीची राजधानी होते, तेव्हाचे मलिक अंबर यांचे उदाहरण पुरेसे आहे. त्यांच्या लढाया आपण ऐकलेल्या असतात. त्यांनी माणसे कशी हाताळली याकडे मात्र फारसे लक्ष जात नाही.

मलिक अंबर यांचा जन्म सुमारे १५४८ साली हबसाणात, म्हणजे आजच्या इथिओपियात झाला. लहानपणीच ते गुलाम म्हणून विकले गेले. बगदादच्या एका व्यापाऱ्याने, मीर कासिम याने, त्यांना शिकवले आणि हिशेब व कारभाराची तालीम दिली. पुढे दख्खनमध्ये निजामशाहीचे पेशवे चंगेझखान यांनी त्यांना विकत घेतले. हे चंगेझखान स्वतः एके काळी गुलामच होते. गुलामी ही कोणत्याही काळी वाईटच आणि तिचे समर्थन येथे करायचे नाही. पाहायचे ते इतकेच, की दोन्ही मालकांनी या मुलाला केवळ राबवून घेतले नाही. दरबाराचा कारभार कसा चालतो, फौज कशी उभी राहते, हे त्यांना जवळून पाहायला मिळाले. चंगेझखान १५७४-७५ च्या सुमारास वारले आणि त्यांच्या पत्नीने अंबर यांना मुक्त केले. त्यानंतर जवळजवळ वीस वर्षे त्यांनी दख्खनमध्ये, विशेषतः विजापूरकरांकडे, चाकरी केली. १५९५ च्या सुमारास ते निजामशाहीत परतले तेव्हा त्यांच्या हाताखाली अवघे दीडशे स्वार होते.

१६०० साली नगरचा किल्ला मोगलांच्या हाती गेला. धनी संपला, राजधानी गेली. अशा वेळी पगारी सरदार नवीन धनी शोधतो. मलिक अंबर यांनी निजामशाही घराण्यातील एका राजपुत्राला परांड्यास गादीवर बसवले आणि विखुरलेली माणसे गोळा करायला सुरुवात केली. आमच्या मते मुकादम येथे उस्ताद झाला, कारण ज्या कामाचा हुकूम देणारा कोणी उरला नव्हता ते काम त्यांनी स्वतःचे मानले.

या माणसांकडून त्यांनी काम कसे घेतले? मोगलांकडे मोठ्या तोफा आणि जड फौज होती. तिची नक्कल करण्यात त्यांनी वेळ घालवला नाही. मराठा स्वारांना डोंगरवाटा ठाऊक होत्या, हलक्या घोड्यावरून झटपट छापा घालणे आणि रसद तोडणे त्यांच्या अंगात होते. मलिक अंबर यांनी लढाईच त्या हुनराभोवती बेतली. आपल्याकडे नेमके उलटे घडते. ज्याचा हात बारीक नक्षीकामात बसलेला असतो त्याला आपण माल उतरवायला पाठवतो आणि मग तो आळशी आहे अशी तक्रार करतो.

१६२४ साली नगरजवळच्या भातवडीला मोगल आणि आदिलशाही यांच्या एकत्रित फौजा समोर असताना त्यांनी तलाव फोडून पाणी सोडले, शत्रूची वाट अडवली आणि रात्रीचे छापे घालून त्याला जेरीस आणले. शहाजीराजे भोसले त्यांच्या बाजूने लढले, शहाजीराजांचे बंधू शरीफजी येथेच कामी आले. ही लढाई सर्वांना माहीत असते.

व्यापाऱ्याने अधिक लक्ष द्यावे ते त्यांच्या महसूल व्यवस्थेकडे. त्या काळी गावाचा वसूल इजाऱ्याने, म्हणजे ठेक्याने दिला जाई. ठेकेदार सरकारला ठरलेली रक्कम देई आणि रयतेकडून जमेल तेवढे ओढून घेई. मलिक अंबर यांनी हा इजारा बंद केला आणि गावची मोडकळीला आलेली वतनदारांची घडी पुन्हा बसवली. वसूल प्रथम प्रत्यक्ष पिकाच्या ठराविक हिश्श्याने घेतला. काही हंगामांचा अनुभव आल्यानंतरच त्याचे रोख रकमेत रूपांतर केले आणि तीही लागवड पाहून दरवर्षी ठरवली जाई. ग्रँट डफ या ब्रिटिश इतिहासकारानेही या व्यवस्थेची दखल घेतली आहे.

आता ही गोष्ट आपल्या कारखान्यात आणून पाहावी. मधल्या ठेकेदारामार्फत कारागीर आणले की मालकाची डोकेदुखी कमी होते, परंतु कारागिराच्या हाती नेमके किती पडते हे मालकाला कळत नाही. मजुरीचा दर काम संपल्यावर घासाघीस करून ठरवला, तर कारागीर पुढच्या वेळी हात राखून काम करतो. नवीन प्रकारचे काम असेल तर दोन-तीन ऑर्डरी रोजंदारीवर करवून घ्याव्यात, एका नगाला किती वेळ लागतो ते त्याच्यासमोर वहीत लिहावे आणि मग नगावरचा दर बांधावा. उचल दिली असेल तर तीही त्याच वहीत, त्याला वाचता येईल अशा अक्षरात असावी. आपला हिशेब डोळ्यांसमोर असला की माणसाचा मालकावर भरवसा बसतो. हा भरवसा नसेल तर चांगुलपणाची कितीही भाषणे केली तरी उपयोग नाही.

मलिक अंबर यांनाही सगळे साधले नाही, हे सांगितलेच पाहिजे. १६१६ साली त्यांचे काही सरदार मोगलांना जाऊन मिळाले, त्या लढाईत पराभव झाला आणि १६१० साली वसवलेली खडकी शत्रूने उद्ध्वस्त केली. भातवडीचा विजय मिळाला, पण वर्षभरात शहाजीराजे आदिलशाहीत निघून गेले. कारणे अनेक सांगितली जातात, विजयाच्या श्रेयाची कुरबुर हे त्यातले एक. १६२६ साली मलिक अंबर वारले. कारभार त्यांचे पुत्र फत्तेखान यांच्याकडे आला, १६३३ साली दौलताबाद मोगलांना मिळाले आणि १६३६ साली निजामशाही संपली. रयतेसाठी घालून दिलेली घडी नावाजली गेली, परंतु वरची जागा सांभाळणारा माणूस तयार झालेला नव्हता.

आपल्या धंद्यातही दुखणे याच जागी आहे. मालक कटिंग शिकवतो, वेल्डिंग शिकवतो, पण गिऱ्हाइकाला भाव कसा सांगायचा, उधारी कोणाला द्यायची, माल कुठून घ्यायचा हे शिकवत नाही. मुलालाही नाही आणि कारागिराला तर नाहीच. भीती एकच : शिकला की समोरच दुकान टाकील. ही भीती खोटी नाही, असे घडते. पण न शिकवलेला कारागीरही जातोच, आणि तो राहिला तरी आठ दिवसांच्या गैरहजेरीत दुकान बंद पडते ते पडतेच.

सुरुवात लहान कामापासून करता येईल. एका कारागिराला ठराविक रकमेच्या आतल्या ऑर्डरीचा भाव स्वतः सांगू द्यावा. चूक झाली तर गिऱ्हाइकासमोर बोलू नये, संध्याकाळी हिशेब दाखवावा. काम नीट झाले तर ते त्याने केले असे गिऱ्हाइकाला मालकाने स्वतः सांगावे. आणि तो खरोखरच वेगळा झाला, तर सणासुदीच्या गर्दीत आपल्याला न पेलणारे काम त्याच्याकडेच द्यावे. मात्र कच्चा माल कोणाचा, नगाला मजुरी किती आणि माल परत आला तर नुकसान कोणाचे, हे ऑर्डर देण्यापूर्वी दोघांच्या सहीने लिहून ठेवावे.