नोटेवरची सही कोणाची?

खिशातली शंभराची नोट काढून पाहा. धारकाला शंभर रुपये अदा करण्याचं वचन आणि त्याखाली सही, ती रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरची. (एक रुपयाच्या नोटेवर मात्र वित्त सचिवांची सही असते.)

या पदावरची नेमणूक केंद्र सरकार करतं. 1934 च्या रिझर्व्ह बँक कायद्यानुसार मुदत एका वेळी जास्तीत जास्त पाच वर्षं. फेरनेमणूक होऊ शकते. किमान शिक्षण वा अनुभवाची अट कायद्यात नाही. त्यामुळे इथे सनदी अधिकारी आले, तसे अर्थतज्ज्ञही.

व्याजदर ठरवणाऱ्या सहा सदस्यांच्या पतधोरण समितीचे अध्यक्ष गव्हर्नरच. मतं समसमान पडली तर निर्णायक मत त्यांचं. मात्र कलम 7 नुसार, गव्हर्नरांशी सल्लामसलत करून सरकार बँकेला जनहितार्थ निर्देश देऊ शकतं. पदाची खरी कसोटी इथेच लागते. 1957 मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांच्याशी मतभेद झाल्यावर तेव्हाचे गव्हर्नर बेनेगल रामा राव यांनी राजीनामा दिला होता.

पहिले भारतीय गव्हर्नर आपल्या रायगडचे: चिंतामणराव देशमुख, 1943 ते 1949. फाळणीनंतर काही काळ पाकिस्तानचं चलनही याच बँकेने सांभाळलं, तेव्हा गव्हर्नर तेच होते.