रंग परत आणताना

भुसावळमध्ये मेजर रॉबर्ट गिल यांची कबर आहे. अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करण्यासाठी 1844 मध्ये त्यांची नेमणूक झाली आणि 1856 च्या सुमारास त्यांच्या हाती कॅमेरा आला. 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली आणि तिथे ठेवलेल्या बहुतेक नकला जळाल्या. 1864 मध्ये पुस्तकरूपाने निघालेली त्यांची छायाचित्रे मात्र उरली. भुसावळ-अजिंठा परिसरातल्या प्रवासी छायाचित्रांचा मागोवा इथूनच घ्यावा लागतो.

रेल्वे आली आणि जळगाव स्टेशन अजिंठ्याचे दार झाले. पुढे घराघरांत आग्फा क्लिक थ्री आला. एका रोलमध्ये बारा फोटो, म्हणून अजिंठा, पाटणादेवी, लळिंग, तोरणमाळ इथे प्रत्येक फोटो विचार करून काढला जाई. ते कृष्णधवल फोटो बरेच टिकले. नंतरच्या रंगीत प्रिंट मात्र लालसर, पिवळट झाल्या. त्या कागदातला निळसर रंग अनेकदा सर्वांत आधी विटतो आणि मागे लाली उरते.

असे फोटो संगणकावर सुधारणारे फोटोशॉप 1990 मध्ये आले. ओरखडे भरणारा हीलिंग ब्रश 2002 मध्ये मिळाला, आणि स्टुडिओतले बारीक ब्रशचे काम घरच्या संगणकावर होऊ लागले. पद्धत साधी आहे. प्रिंट किमान 600 डीपीआयला स्कॅन करून टिफ फाइल ठेवायची. लाल, हिरवा, निळा या तिन्ही चॅनेलच्या लेव्हल्स वेगवेगळ्या जुळवायच्या. पांढरा सदरा, चुन्याची भिंत, काळा बेसाल्ट यांवरून रंगाचा अंदाज घ्यायचा. डाग काढायचे ते वेगळ्या लेअरवर.

थांबायचे कुठे, हे अजिंठ्यानेच शिकवले आहे. निजाम सरकारने 1920 च्या सुमारास इटालियन तज्ज्ञ बोलावले. चित्रे टिकावीत म्हणून त्यांनी लाखेचे रोगण वापरले. ते पुढे पिवळे पडले आणि पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना काढावे लागले. आपल्यावर अशी वेळ येऊ नये, म्हणून मूळ स्कॅनला हात न लावता प्रतीवरच काम करावे. आजची एआय साधने अस्पष्ट चेहऱ्याला नवे डोळे, नवे ओठ देतात. तो चेहरा सुंदर दिसतो, पण तो आपल्या आत्याचा नसतो. त्यापेक्षा धूसर आत्या बरी.

फोटोची मागची बाजूही स्कॅन करावी. ‘तोरणमाळ, जि. धुळे’ एवढी ओळ असली, तरी फोटो 1998 पूर्वीचा असावा असे म्हणता येते. त्या वर्षी तोरणमाळसह नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. रंग दहा वर्षांनीही सुधारता येतील, तोवर साधने आणखी चांगली होतील. फोटोतली माणसे ओळखणारे घरातले वडीलधारे आज आहेत. म्हणून आधी त्यांच्याजवळ बसून नावे लिहून घ्यावीत, मग संगणक सुरू करावा.