जम्बोची निवृत्ती आणि आपली

२२ एप्रिल २०२४. मुंबई विमानतळावरून एअर इंडियाचं 'आग्रा' नावाचं जम्बो जेट शेवटचं उडालं. उडताना त्यानं आपले पंख डावी-उजवीकडे हलवले. वैमानिकांच्या रिवाजात हा निरोपाचा नमस्कार. ते विमान निघालं होतं अमेरिकेला, सुटं होण्यासाठी.

एअर इंडियाकडे पहिलं जम्बो आलं १९७१ मध्ये, 'सम्राट अशोक'. खिडक्यांभोवती राजवाड्यासारख्या महिरपी रंगवलेल्या. १ जानेवारी १९७८ ला तेच विमान वांद्र्याजवळ समुद्रात कोसळलं आणि २१३ जण गेले. नंतर नव्वदच्या दशकात 'आग्रा'सारखी सुधारित जम्बो आली. राष्ट्रपती-पंतप्रधानांचे परदेश दौरेही २०२० पर्यंत याच जातीच्या विमानांनी होत.

मग ती निवृत्त का झाली? जम्बोला चार इंजिनं, म्हणजे इंधनाचा खर्च मोठा. तेवढंच अंतर दोन इंजिनांची नवी विमानं कमी खर्चात कापू लागली. विमानाचं वय नुसतं वर्षांत मोजत नाहीत बरं का! ते किती तास उडालं, किती वेळा चढलं-उतरलं, याचीही नोंद असते. कारण दर उड्डाणात आतल्या हवेच्या दाबानं विमानाचं अंग ताणलं जातं. ठरावीक काळानं ते जवळजवळ पूर्ण उकलून तपासतात. निवृत्तीनंतरही चांगले भाग काढून, तपासून, कागदपत्रांसह दुसऱ्या विमानांना लावतात.

मैत्रिणींनो, याच विमानांत काम करणाऱ्या हवाई सुंदरींचं काय होतं ठाऊक आहे? एअर इंडियाच्या तेव्हाच्या नियमाप्रमाणे त्यांनी पस्तिशीत निवृत्त व्हायचं. नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केलं, किंवा पहिल्यांदा दिवस गेले, तर त्याआधीच घरी! त्याच विमानातल्या पुरुष सहकाऱ्याला मात्र अठ्ठावन्नपर्यंत नोकरी. नर्गेश मिर्झा आणि त्यांच्या सहकारी न्यायालयात गेल्या. १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गरोदरपणाची अट रद्द केली. पस्तिशीनंतरची मुदतवाढ वरिष्ठांच्या मर्जीवर ठेवणारी तरतूदही गेली. लग्नाची चार वर्षांची अट मात्र कायम राहिली.

म्हणजे यंत्राची निवृत्ती तपासणीनं, आणि बाईची तिच्या वयानं, लग्नानं, पोटातल्या बाळानं!

हे फक्त विमानातलं नाही. आमची वागळे इस्टेट ही एमआयडीसीची पहिली औद्योगिक वसाहत. इथले कितीतरी कारखाने बंद झाले, जागी आयटीच्या काचेच्या इमारती आल्या. छोट्या युनिटांत पॅकिंग करणाऱ्या बायका आमच्या बचत गटात येतात. एक ताई सांगत होती, "चौदा वर्षं काम केलं. आता म्हणतात, उद्यापासून नको येऊस, तरुण मुली मिळतात." तिच्याजवळ चौदा वर्षांचा कागद एकही नव्हता. विमानाच्या एकेका स्क्रूची नोंद असते हो, आणि हिची कुठेच नाही!

म्हणून एवढंच सांगते. पगाराची पावती मागा आणि जपून ठेवा. प्रॉव्हिडंट फंड कापला जात असेल, तर आपला यूएएन नंबर स्वतःच्या वहीत लिहा, नवऱ्याच्या फोनमध्ये नको. दहा किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी सलग पाच वर्षं काम केलं असेल, तर सोडताना ग्रॅच्युइटीचा हक्क असतो. तो मालकाचा उपकार नव्हे. अडलं तर कामगार आयुक्त कार्यालयात जा, एकटीनं नको, चौघी मिळून जा.

नव्याला जागा द्यावी लागते, हे जम्बोलाही चुकलं नाही. पण त्याचा हिशेब चोख ठेवून त्याला निरोप दिला गेला. आपल्या कष्टांचा हिशेब आपण आजपासून ठेवायला हवा. एक साधी वही पुरे.