सागरस्थापत्याचा अभ्यास

मद्रास, म्हणजे आजचे चेन्नई, हे शहर समुद्राच्या अगदी काठी वसलेले आहे. तरीही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत तेथे सुरक्षित बंदर नव्हते. जहाजे दूर उघड्या समुद्रात नांगर टाकीत आणि माणसे व माल मसुला नावाच्या शिवलेल्या होड्यांतून, फुटणाऱ्या लाटांचे तडाखे सोशीत, किनाऱ्यास लागत. १८७६ च्या सुमारास लाटांना अडविण्यासाठी समुद्रात लांब भिंती घालण्याचे काम सुरू झाले. १८८१ साली वादळाने त्या भिंतींची मोठी पडझड केली. त्या पुन्हा बांधण्यात आल्या आणि बंदर उभे राहिले.

लाटांचे बळ तर सर्वांस दिसले. पण वाळूचा प्रवास सहसा डोळ्यांस दिसत नाही. त्या किनाऱ्यावर लाटा तिरप्या येतात आणि वाळूचे कण पुढे सरकवीत नेतात. वर्षभराचा हिशेब मांडला, तर ही वाळू दक्षिणेकडून उत्तरेकडे जाते. बंदराच्या भिंतींनी तिची वाट अडविली. दक्षिणेस वाळू साठत जाऊन मरीनाचा विस्तीर्ण किनारा रुंदावला. उत्तरेस रॉयपुरमकडे मात्र लाटा वाळू नेतच राहिल्या आणि मागून नवी येईना. किनारा खचू लागला, कोळ्यांच्या वस्त्यांपर्यंत समुद्र आला. तेथे दगडांचे बांध घातले, तेव्हा धूप त्यांच्याही उत्तरेस सरकली. एका ठिकाणचे बांधकाम दुसऱ्याच गावाची जमीन गिळू शकते, हे ह्या शास्त्रातील पहिले आणि कदाचित सर्वांत महत्त्वाचे प्रकरण होय.

बंदरे बांधण्याची कला फार जुनी असली, तरी तिला स्वतंत्र विद्याशाखेचे रूप अलीकडे आले. १९५० साली अमेरिकेतील लाँग बीच येथे किनारा-अभियांत्रिकीची पहिली परिषद भरली. आज हा विषय अनेक देशांतील विद्यापीठांत शिकविला जातो. चेन्नईच्या भारतीय प्रौद्योगिकी संस्थेतही सागर-अभियांत्रिकीचा स्वतंत्र विभाग आहे.

विद्यार्थ्यास प्रथम पोलाद, काँक्रीट, माती आणि वाहते पाणी यांचे सामान्य नियम शिकावे लागतात. मग लाटेची ओळख होते. वाऱ्याची झुळूक आली की ज्वारीच्या शेतावरून लाट धावत जाते, पण ताटे जागच्या जागी डुलतात. खोल समुद्रातही लाट पुढे जाते आणि पाणी मात्र जवळजवळ जागीच वर्तुळाकार फिरते. दर दहा सेकंदांनी येणाऱ्या लाटेची लांबी खोल पाण्यात सुमारे १५६ मीटर असते. पाण्याची खोली ह्या लांबीच्या निम्म्याहून कमी झाली, की लाटेला तळ जाणवू लागतो. तिचा वेग मंदावतो, ती वळते, उंचावते आणि अखेर फुटते.

परंतु कागदावरचे गणित सगळीकडे पुरे पडत नाही. बंदराची एखादी वाकडी भिंत आली, की लाटा कोठे आदळतील आणि कोठे परततील हे प्रयोगानेच पाहावे लागते. यासाठी लांबट हौद असतात. त्यांच्या एका टोकाला यंत्राने हलणारी फळी लाटा निर्माण करते आणि दुसऱ्या टोकाला बांधकामाची लहान प्रतिकृती ठेवलेली असते. पुण्याजवळ खडकवासल्याच्या केंद्रीय संशोधन संस्थेत, समुद्रापासून इतक्या दूर सह्याद्रीच्या पलीकडे, देशातील अनेक बंदरांच्या अशा प्रतिकृती तयार झाल्या आहेत!

प्रतिकृतीचा नियम विल्यम फ्रूड ह्या इंग्रज अभियंत्याच्या नावाने ओळखला जातो. प्रतिकृती शंभरपट लहान असेल, तर तिच्यातील काळ मात्र दहापटच लहान होतो. दहा सेकंदांची लाट तेथे एका सेकंदाची करावी लागते. प्रतिकृतीवर मोजलेले बळ खऱ्या बांधकामासाठी दहा लाख पटींनी वाढवून धरावे लागते. हौदातील चूक लहान दिसते. समुद्रात ती लहान राहत नाही. शिवाय वाळू ह्या नियमात नीट बसत नाही. तिचा कण शंभरपट लहान केला, तर वाळूची चिकट माती होते आणि ती निराळ्याच रीतीने वागते. म्हणून हौदातील निष्कर्ष प्रत्यक्ष किनाऱ्यावरील मोजमापांशी ताडून पाहण्याची सवय विद्यार्थ्यांस लावतात.

किनारा सोडून खोल पाण्यात गेले, की प्रश्न बदलतो. १९७४ साली सागरसम्राट ह्या वेधनमंचावरून मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरवर तेल सापडले. मुंबई हाय नावाच्या त्या क्षेत्रात पोलादी नळ्यांचे उंच सांगाडे समुद्रतळाशी खुंटवून उभे केले आहेत आणि त्यांच्यावर माणसे राहतात, काम करतात. दहा सेकंदांस एक लाट धरली, तर अशा सांगाड्यावर दिवसाला ८,६४० आणि वर्षाला सुमारे साडेएकतीस लाख आघात होतात. एका आघाताने काही बिघडत नाही. पण एखादी तार पुन:पुन्हा वाकविली की तुटते, तसा नळ्यांचा सांधा थकत जातो. त्यामुळे किती मोठी लाट येईल याबरोबरच किती लाटा येतील, याचाही हिशेब ठेवावा लागतो.

मोठ्या लाटेचा हिशेब तर आणखी विचार करावयास लावणारा आहे. शंभर वर्षांतून सरासरी एकदा येणारी लाट गृहीत धरून सांगाडा आखला, म्हणजे ती शंभर वर्षांनीच येईल असे नव्हे. ती पुढच्या पावसाळ्यातही येऊ शकते. सांगाडा पंचवीस वर्षे उभा राहणार असेल, तर तेवढ्या काळात तशी किंवा तिच्याहून मोठी लाट गाठ पडण्याचा संभव शंभरात सुमारे बावीस असतो. एवढा धोका पत्करावा, की अधिक पोलाद घालून तो कमी करावा, ह्याचे उत्तर कोणत्याही सूत्रात नाही. ते अभियंत्याला, वर काम करणाऱ्या माणसांचा विचार करून, स्वत:च द्यावे लागते.